भात्याचा आवाज पुसायचा की ठेवायचा? आइसलँडच्या ‘मूम’बद्दल थोडंसं

आज आधी हेडफोन घाला. फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर ऐका बापडे, पण आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांची अर्धी गंमत त्या स्पीकरमध्ये हरवते.

बँडचं नाव मूम. आइसलँडचा बँड, 1997 साली सुरू झाला. चौघं जण होते. गुन्नर आणि अर्वर ही दोन मुलं, आणि गीदा आणि क्रिस्टीन या दोन जुळ्या बहिणी. आडनाव वाल्टिसडॉटिर, म्हणजे सरळ ‘वाल्टिरची मुलगी’. तिकडे बहुतेकांची आडनावं अशीच, बापाच्या नावावरून. या बहिणींचे चेहरे तुम्ही कदाचित पाहिलेही असतील. बेल अँड सबॅस्टियन या स्कॉटिश बँडच्या 2000 सालच्या अल्बमच्या कव्हरवर त्याच दोघी आहेत.

तर या चौघांनी काय केलं? कॉम्प्युटरवर गाणी करायची म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळं कसं चकचकीत, घट्ट, एका मापात. यांनी उलटं केलं. सीडी अडकली की जो कट्कट् आवाज येतो, केबल सैल झाली की जी खरखर होते, तो कचरा त्यांनी उचलला. त्याचे अगदी बारीक, सेकंदाच्या छोट्या छोट्या भागाएवढे तुकडे केले आणि त्यांचाच ठेका बांधला. ढोल नाही, नुसत्या टिचक्या. या प्रकाराला ‘ग्लिच’ म्हणतात. त्या काळात ते करणारे बरेच होते, पण बहुतेकांचं संगीत प्रयोगशाळेतलं वाटायचं. थंड.

मूमने त्या टिचक्यांवर चेलो ठेवला, अकॉर्डियन ठेवलं आणि मेलोडिका ठेवली. मेलोडिका म्हणजे ते छोटं कीबोर्डसारखं वाद्य, ज्याला नळी असते. तोंडाने फुंकायचं, बोटांनी वाजवायचं. आत धातूच्या रीड असतात, हवा गेली की त्या थरथरतात. म्हणजे आपल्या पेटीची चुलत बहीणच की! अकॉर्डियनही त्याच घरातलं. आणि या घरातल्या वाद्यांची एक खोड आहे. हवा संपली की सूर संपतो. वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, नाहीतर भाता परत ओढावा लागतो, आणि त्याचा आवाज होतो. मूमच्या गाण्यांत हा आवाज पुसल्यासारखा वाटत नाही. इकडे कॉम्प्युटर अडखळतोय, तिकडे मेलोडिकाचा दम लागतोय. थोड्या वेळाने कोण यंत्र आणि कोण माणूस हे वेगळं करायचा मी नादच सोडून देते.

पहिला अल्बम ‘यस्टर्डे वॉज ड्रॅमॅटिक, टुडे इज ओके’, 2000 च्या सुमाराचा. त्यातलं पहिलंच ‘आय अ‍ॅम नाइन टुडे’ लावा. 2002 मध्ये ‘फायनली वी आर नो वन’ आला. त्यासाठी ही मंडळी आइसलँडच्या पार वायव्य टोकाला, एका एकाकी दीपगृहात जाऊन राहिली होती. हा अल्बम त्यांनी आइसलँडिक भाषेतही वेगळा काढला. इंग्रजीत जगभर ऐकले जात असताना स्वतःच्या भाषेत सगळं पुन्हा गायचं, ही गोष्ट मला फार आवडते. त्यातलं ‘ग्रीन ग्रास ऑफ टनेल’ रात्री झोपताना लावा, सकाळी गाडीवर नको.

मग गीदा चेलो शिकायला म्हणून बाहेर पडली. 2006 मध्ये क्रिस्टीनही गेली. तिचा तो लहान मुलीसारखा, कुजबुजणारा आवाज हीच बँडची ओळख होती, त्यामुळे अनेकांनी तिथेच मूमला नारळ दिला. मी नाही दिला, पण 2004 चा ‘समर मेक गुड’ मला अजून पूर्ण ऐकवत नाही, खोटं कशाला बोलू? नंतर गीदा परत आली. 2019 मध्ये नॉर्डिक कौन्सिलचं संगीत पारितोषिकही तिला मिळालं, तिच्या स्वतःच्या कामासाठी.

आता हा भाग आज का करतेय ते सांगते.

आमचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. जायच्या आधीच्या गणपतीत मी त्यांचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, चार मिनिटं. नंतर मला ते ‘स्वच्छ’ करायची हुक्की आली. एक अ‍ॅप घेतलं, नॉइज काढून टाका म्हटलं, त्याने काढला. छान झालं की! मग स्टोरेज फुल झालं तेव्हा मूळ फाइल उडवली. दोन-दोन कशाला ठेवायच्या?

गेल्या महिन्यात मूम ऐकताना मेलोडिकाचा तो श्वास आला आणि माझ्या पोटात गोळा आला. आजोबांची फाइल लावली. सूर सगळे जागेवर. भात्याची फुसफूस नाही. सुरू करायच्या आधीचं त्यांचं खाकरणं नाही. मागे आजीच्या बांगड्या वाजत होत्या, त्या नाहीत. कोणीतरी कीबोर्डवर पेटीचा आवाज लावून वाजवावं, तसं.

रिसायकल बिन, जुना फोन, मामेभावाला पाठवलं होतं का, सगळं शोधून झालं. नाहीये.

मग परवा माळ्यावरून पेटी काढली. एकही पट्टी न दाबता नुसता भाता मारला, तीन मिनिटं, आणि ते आजोबांच्या वाजवण्याखाली लावलं. बसेना. त्यांचा हात संथ होता, माझा घाईतला. मूमसारखे तुकडे करून सरकवले, दोन रात्री घालवल्या. जवळजवळ बसलं. आईला ऐकवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “वाजवतायत बाबा, पण भाता तू मारतेयस.”

मी ते तसंच ठेवलंय. ड्राइव्हवर, दोन ठिकाणी. आणि तुमच्या फोनमध्ये असं काही असेल तर मूळ फाइल तेवढी उडवू नका, प्लीज.

भेटू पुढच्या भागात.