दुसऱ्याच्या बॅटरीवर चालू होणारी गाडी



गेवराई तालुक्यातल्या गावागावांत दसऱ्याच्या तोंडावर ऊसतोडीला जायची तयारी सुरू होते. उचल घेतलेली असते, टोळ्या ठरलेल्या असतात. पुढचे पाच-सहा महिने कित्येक घरांना कुलूप लागतं आणि अंगणातली जीप किंवा पिकअप तशीच उभी राहते. फाल्गुन-चैत्रात माणसं परत येतात, चावी फिरवतात आणि गाडी सेल्फ घेत नाही. मग शेजाऱ्याची गाडी आणायची, दोन वायरी जोडायच्या, गाडी चालू करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. चार दिवस असं झालं की कुणीतरी सांगतं, "बॅटरी गेली, नवी टाक." घरातले काही हजार रुपये जातात. कधी गाडी सुधारते, तर कधी नव्या बॅटरीसकट आठवड्याभरात पुन्हा बसते.

हातावर पोट असलेल्या माणसाचा असा पैसा फुकट जावा, हे मला पटत नाही. दुसऱ्या बॅटरीवर गाडी चालू होते, एवढ्यावरून आपली बॅटरी मेली असं ठरत नाही. त्यावरून इतकंच कळतं की सेल्फ फिरतोय, डिझेल पोहोचतंय आणि इंजिन धडधाकट आहे. आता दोष शोधायचा तो बहुधा तीनच ठिकाणी: बॅटरीत, तिला भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये, किंवा तारा आणि टर्मिनलमध्ये. जुने लोक अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. रांजण सकाळी रिकामा दिसला तर आपण आधी विचारतो, रात्री भरला होता का, तळाला चीर आहे का, की कुणी पाणी उपसलं? इथेही हेच विचारायचं.

सुरुवात फुकटात होणाऱ्या तपासणीपासून करा. बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड चढली आहे का? तारेच्या टोकाचा लग हाताने हलतो का? सेल्फ मारून लगेच दोन्ही लगांना बोट लावून पाहा. एखादा गरम लागला तर वीज तिथेच अडते आहे. निगेटिव्हची तार इंजिनाला किंवा चासीला जिथे आवळलेली असते, तो बोल्टही पाहा. गंज आणि चिखल तिथेच साचतो आणि नजर मात्र तिथे जात नाही. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पूड धुवा, पॉलिश पेपरने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच ताळ्यावर येतात.

त्यानेही भागलं नाही तर एक साधी परीक्षा आहे, तिला मीटरसुद्धा लागत नाही. बॅटरी चार्जिंगच्या दुकानात पूर्ण भरून आणा, गाडीत बसवा आणि रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. सकाळी जोडून सेल्फ मारा. गाडी घेत नसेल तर बॅटरीच धरत नाही, ती खरोखर संपली. आणि गाडी झटक्यात चालू झाली, पण टर्मिनल जोडून ठेवलेल्या रात्रीनंतर मात्र बसत असेल, तर गाडी बंद असतानाही कुणीतरी वीज पीत आहे. आपल्याकडे त्याचं पहिलं नाव डेक. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठा आवाज लागतो, त्याशिवाय रात्रीची खेप सरत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याची तार चावीतून न घेता थेट बॅटरीवरून ओढलेली असते. 120 वॅटचा ॲम्प्लिफायर 12 व्होल्टवर 10 ॲम्पिअर खातो. कारखान्याच्या गव्हाणीसमोर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद करून सात-आठ तास गाणी लावली, की 75 ॲम्पिअर-अवरची बॅटरी रिकामी. चोरी टाळायला बसवलेला जीपीएस, थेट जोडलेला मोबाईल चार्जर यांचंही तसंच. ते थोडं खातात, पण रात्रंदिवस खातात.

मीटर असेल तर काम आणखी सोपं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा 9.6च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. तिथेही 12च्या घरातच घोटाळत असेल तर चार्जिंग होत नाही. पट्टा सैल असेल, कार्बन झिजले असतील किंवा डायोड गेला असेल. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही काही दिवसांत बसणार.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'डायनामो काम करतोय का' हे बघायची जुनी रीत आहे. जुन्या डायनामोवर ती खपून गेली. आजच्या गाडीत त्याने अल्टरनेटरचे डायोड आणि कॉम्प्युटर दोन्ही जळू शकतात. कुणी तार काढायला लागलं तर त्याचा हात धरा.

आपल्या भागात बॅटरीचं खरं नुकसान करतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर जातो, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात आणि आतून झिजतात. त्रास मात्र डिसेंबरच्या गारठ्यात दिसतो, म्हणून दोष थंडीवर जातो. पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं खारं पाणी नको, ॲसिड तर नकोच. आणि पाणी किती आहे हे पाहायला काडी ओढू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि त्याच्या स्फोटात ॲसिड थेट तोंडावर उडतं.

वायरी जोडतानाही हेच ध्यानात ठेवा. लाल तार प्लसला प्लस. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते, तिच्यावरून जीप किंवा पिकअप चालू करू नका.

अडलेलं बाळंतपण किंवा सापाचा दंश असला की गेवराईहून बीडच्या जिल्हा रुग्णालयाकडे धाव घ्यावी लागते, आणि रात्री दोन वाजता शेजाऱ्याची गाडी दारात असेलच असं नाही. म्हणून तोडीला निघणाऱ्या भावांनो, बहिणींनो, घराला कुलूप लावण्याआधी बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. मागे घरी कुणी थांबणार असेल तर महिन्याकाठी ती एकदा चार्ज करायला सांगून जा. आणि परत आल्यावर कुणी नवी बॅटरी टाकायला सांगितलीच, तर पैसे मोजण्याआधी मिस्त्रीला इंजिन चालू ठेवून मीटर लावायला सांगा. आकडा किती येतो, तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.