लस टोचूनही खुरकूत का येते?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



"लस टोचली होती, तरी बैल लाळ गाळतोच," ही तक्रार आपण करतो आणि पुढच्या खेपेला लसवाल्याला दावणीजवळ येऊ देत नाही. तक्रार खोटी नाही, पण हा उपाय अंगाशी येणारा आहे.

खुरकुताच्या विषाणूच्या ओ, ए आणि एशिया-१ अशा तीन जातींवर आपल्याकडे लस देतात. एकीची लस दुसरीला चालत नाही, म्हणून तिन्ही एकत्र असतात. शिवाय प्रत्येक जात रूप बदलते. २०१७ साली गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली, ते आपण कपाशीत भोगले. इथेही तसेच. 'ए' जात इतकी बदलली, की लशीतला जुना वाण काढून सन २००० चा वाण घालावा लागला. हे कळले कसे? आजारी जनावरांचे नमुने प्रयोगशाळेत पोचले म्हणून.

पण सगळे खापर विषाणूवर फोडू नका. लस २ ते ८ अंशांत राहिली नाही, तर टोचली काय आणि न टोचली काय, सारखेच. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. सहा महिन्यांत पुन्हा टोचावी लागते. बैलगाडी ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी लस देऊन काय उपयोग? तिकडे तळावर गावोगावचे बैल एकत्र येतात. आणि गावातली डुकरे विसरू नका. आजारी डुक्कर गाईपेक्षा कितीतरी पट विषाणू श्वासातून सोडते.

२०१९ साली केंद्राने खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन्हींच्या नियंत्रणाला मिळून १३,३४३ कोटी मंजूर केले. त्यात शेळ्या-मेंढ्या आणि डुकरेही धरली आहेत. म्हणून आपली मागणी भीक नव्हे, हिशेब आहे.

एक, ऊसतोडीच्या महिनाभर आधी लसीकरण व्हावे. दोन, अख्ख्या गावाची जनावरे एकाच आठवड्यात टोचावीत. तीन, लस दिलेल्या गावात खुरकूत आली, तर पशुवैद्यकाने फोडाची साल घेऊन तपासणीला पाठवावी आणि निकाल ग्रामपंचायतीत लावावा.

आपले कामही आहे. तोंड आले की बैल लपवू नका, बाजारात काढू नका. दवाखान्यात लेखी कळवा, पोच घ्या.

खुरकुताने थोर बैल सहसा मरत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. पण ज्वारीच्या पेरणीत तो पंधरा दिवस बसला, की वापसा जातो. ते नुकसान कोणाच्या वहीत आहे?