संगणक अंगणात जावा



ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा ताराबाई व अनुताई वाघ यांचा विचार. संगणकालाही आता तोच लागू करावा लागेल.

कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या पात्र मुलींना शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी दिली. पण अर्ज ऑनलाइन भरावयाचा. संकेतांक येतो वडिलांच्या मोबाइलवर, आणि तो तर वडिलांसोबत तारापूरच्या कारखान्यात पाळीवर गेलेला! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी, तर केवळ ३३ टक्के स्त्रियांनी इंटरनेट कधीतरी वापरल्याचे आढळले.

संगणक देणारे दाते पुष्कळ भेटतात. समारंभ होतो, हार पडतो, मग खोलीस कुलूप लागते. बोईसरच्या चाळीतील वा पालघरच्या वसतिगृहातील मुलीस हवी असते रविवारीही उघडी राहणारी खोली, आणि शेजारी बसून पहिला अर्ज भरावयास शिकविणारी एखादी ताई.