खासगीपणा कोणाचा?

घराच्या उंबरठ्याशी सरकारने थांबावे, हा विचार आज सुशिक्षित माणसाला इतका सरळ वाटतो की त्यात वाद घालण्याजोगे काही असेल अशी शंकाही त्याला येत नाही. पोलिसाने वॉरंटावाचून आत शिरू नये, कोणाचे टपाल फोडू नये, कोण काय वाचतो आणि कोणाशी काय बोलतो याची टिपणे दप्तरी ठेवू नयेत, एवढे मान्य झाले म्हणजे खासगीपणाचा प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटते. परंतु उंबरठ्याच्या आत एकच माणूस राहत नाही. तेथे नवरा असतो, बायको असते, मुले असतात, सासूसासरे असतात. आणि ज्या खासगीपणाचा मान राखून सरकार बाहेर उभे राहते तो या सर्वांपैकी कोणाचा, हा प्रश्न उदारमतवादी राज्यशास्त्राला दीडशे वर्षे सतावीत आला आहे. त्याचे अत्यंत बोलके उदाहरण शोधण्यासाठी लंडनला किंवा पॅरिसला जावयास नको. ते मुंबईच्या हायकोर्टात घडले.

१८८४ मध्ये दादाजी भिकाजी नावाच्या गृहस्थांनी आपल्या पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे असा दावा लावला. पत्नीचे नाव रखमाबाई. विवाहाच्या वेळी तिचे वय अकरा वर्षांचे होते, दादाजींचे एकोणीस. विवाहानंतरही ती आपल्या आईकडे आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिली, वाचावयास शिकली, आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास तिने सासरी जाण्याचे साफ नाकारले. ज्या विवाहास संमती देण्याचे आपले वयच नव्हते तो आपणास बंधनकारक कसा, असा तिचा सवाल होता. दादाजींची सांपत्तिक स्थिती आणि प्रकृती यांविषयीही तिचे आक्षेप होते; पण ते बाजूला ठेवले तरी तिचा मुख्य मुद्दा जागचा हलत नाही.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की, लहानपणी विधी झालेल्या आणि नवऱ्यापाशी एक दिवसही न राहिलेल्या तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणे ही रानटी गोष्ट होईल. याहून महत्त्वाचा मुद्दा त्यांनी पुढे मांडला. नांदावयास आणण्याचा असा दावा मूळच्या हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच. तो इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांतून येथे आणून लावलेले कलम आहे. हे ऐतिहासिक दृष्ट्या खरे होते. १८६७ मध्ये एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे दावे हिंदुस्थानच्या दिवाणी न्यायालयांत चालू शकतात असे ठरविले, आणि तेव्हापासून त्यांना पक्के अधिष्ठान मिळाले. विलायतेत मात्र त्याच सुमारास वारे फिरत होते. दादाजींनी दावा लावला त्याच १८८४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने असा हुकूम न पाळणाऱ्या नवऱ्यास वा बायकोस तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली. हिंदुस्थानच्या दिवाणी प्रक्रियेत ती तशीच राहिली.

१८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निर्णय फिरविला. विवाह झाला म्हणजे झाला. पुढे सहवास घडला की नाही याने दाव्याच्या हक्काला बाध येत नाही, असे त्यांनी ठरविले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याच्या आत रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा. आपण तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंनी कळविले.

या काळात वर्तमानपत्रांत जो गदारोळ उठला त्यात एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. लोकमान्य टिळकांसह जी मंडळी पिन्हे यांच्या निकालावर तुटून पडली, त्यांचा प्रमुख आक्षेप असा की, परक्या सरकारने हिंदूंच्या घरात, धर्मात, कुटुंबव्यवस्थेत हात घालू नये. हा आक्षेप निव्वळ सनातनीपणाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या सरकारात आपला एकही खरा प्रतिनिधी नाही त्याने आपले घर सुधारावे, ही कल्पना स्वाभिमानी माणसास झोंबावी यात नवल नाही. परंतु पिन्हे यांनी केले काय होते? त्यांनी घरात हात घालण्याचे नाकारले होते. उलट, या टीकाकारांना जे हवे होते त्यासाठी इंग्रज न्यायाधीशाचा हुकूमनामा, इंग्रजी कोर्टाचा बेलिफ आणि इंग्रजी तुरुंगाची कोठडी या तिन्हींची गरज होती. सरकारने उंबरठ्याबाहेर राहावे असे म्हणणाऱ्यांनीच बाईला उंबरठ्याच्या आत लोटण्याचे काम सरकारकडे सोपविले. यात त्यांना विसंगती दिसली नाही, कारण त्यांच्या मते घर हे एक अखंड एकक होते आणि त्या एककाचा मालक नवरा होता. मालकाची गोष्ट मालकाच्या हाती आणून देणे म्हणजे हस्तक्षेप नव्हे, अशी ती समजूत होती.

परंतु हा दोष केवळ मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उदारमतवादाच्या पोटातच तो लपलेला होता. जॉन स्टुअर्ट मिल आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या दोघांची तुलना केली असता हे स्पष्ट होते. मिलचा ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ १८५९ चा. दुसऱ्यास अपाय होत नसेल तर समाजाने आणि सरकारने माणसाच्या वागणुकीत पडू नये, हा त्याचा सिद्धांत सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्याच ग्रंथात, नवऱ्याच्या बायकोवरील जवळजवळ निरंकुश सत्तेस स्वातंत्र्याच्या नावाखाली संरक्षण मिळू नये, हेही त्याने बजावून सांगितले आहे. आणि १८६९ मध्ये स्त्रियांच्या पराधीनतेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पदरमोड करून बोलणारा हा माणूस होता. १८५१ मध्ये हॅरिएट टेलर हिच्याशी विवाह करताना, कायद्याने नवऱ्याला बायकोच्या देहावर व मालमत्तेवर जे हक्क मिळतात ते आपणास नकोत, असे त्याने लेखी नमूद करून ठेवले होते.

स्टीफन हा मिलचा कडवा टीकाकार. १८६९ ते १८७२ या काळात तो हिंदुस्थान सरकारचा कायदेमंत्री होता, आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा हे त्याचेच काम. मायदेशी परतण्याच्या सुमारास त्याने ‘लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी’ हा ग्रंथ लिहिला. तो १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजाची नीती टिकविण्यासाठी कायद्याने सक्ती करावी, असे तो ठामपणे सांगतो. तरीही मौज अशी की, कौटुंबिक जिव्हाळ्याच्या गोष्टींत कायद्याने आणि लोकमतानेही नाक खुपसू नये, हे त्याला मिलपेक्षा काकणभर अधिकच मान्य आहे. त्याच पुस्तकात त्याने स्त्रीपुरुषांच्या समतेचे खंडन करून, संसारात शेवटचा शब्द नवऱ्याचा आणि बायकोने तो मानावा, असे म्हटले आहे. म्हणजे खासगीपणाचा कैवारी आणि नवऱ्याच्या सत्तेचा कैवारी एकाच माणसात सुखाने नांदत होते. खासगीपणा घराला दिला की असे होणे अटळ आहे. मिलने तो माणसाला दिला होता.

रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. पुढे त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. १९२३ मध्ये अशा हुकुमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद हिंदुस्थानातही काढून टाकण्यात आली. मालमत्तेची जप्ती तेवढी शिल्लक राहिली. दावा मात्र गेला नाही. मे १९५५ मध्ये स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा अमलात आला तेव्हा त्याच्या नवव्या कलमात तोच दावा पुन्हा अवतरला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाई निवर्तल्या.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेशच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी हे नववे कलम घटनाबाह्य ठरविले. दावा लावणारा नवरा होता आणि प्रतिवादी सरिता ही चित्रपटातील नटी होती. कोणाशी देहसंबंध ठेवावा, मूल केव्हा व्हावे, याचा निर्णय सरकारने बाईच्या हातून काढून नवऱ्याच्या हाती देणे म्हणजे तिच्या खासगीपणाचा भंग होय, असे त्यांनी म्हटले. नवरा व बायको दोघांनाही हा दावा खुला असला तरी गर्भ वाहावा लागतो तो एकीलाच, हेही त्यांनी विसरू दिले नाही. त्याच वर्षी दिल्लीचे न्यायमूर्ती रोहतगी यांनी नेमका उलट निर्णय दिला. घरात राज्यघटना आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणे होय, असे त्यांचे मत पडले. प्रतिमा चटकदार खरी. पण दुकानात बैल आधीच शिरला होता, नवव्या कलमाच्या रूपाने, याचा विचार तीत झालेला नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचे मत उचलून धरले. ज्या खटल्यात हे घडले त्यात मूळ अर्ज बायकोने केलेला होता. नवऱ्याने त्यास संमती दिली, पण दोघे काही एकत्र नांदले नाहीत, आणि वर्ष उलटल्यावर त्याच हुकूमनाम्याच्या आधारे नवऱ्याने घटस्फोट मागून तो मिळविला. संसार सांधण्यासाठी म्हणून राखलेले कलम संसार मोडण्याची पायरी म्हणून किती सोयीचे आहे, हे त्याच्या समर्थनाच्याच निकालात दिसावे, हा योगायोग मोठा मार्मिक म्हटला पाहिजे. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने समूळ काढून टाकला होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी स्त्रीवादी विचारवंतांच्या आक्षेपाची दखल घेऊन, खासगीपणाचे पांघरूण घरातील जुलूम झाकण्यासाठी वापरले जाऊ नये, असा इशारा दिला आहे. २०१९ मध्ये गुजरातेतील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी नवव्या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्या न्यायालयाने एवढे निश्चित केले की, नांदावयास जाण्याचा हुकूम बायकोने सबळ कारणाने पाळला नाही तर तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही.

प्रश्न मिटला आहे असे मात्र म्हणता येत नाही, आणि तो कसा नव्या वेषात उभा राहतो हे पाहावयाचे तर पुन्हा स्टीफनकडेच वळावे लागते. त्याच्या पुराव्याच्या कायद्यात कलम १२२ होते: नवराबायकोंनी लग्नाच्या नात्यात एकमेकांस सांगितलेल्या गोष्टी, सांगणाऱ्याच्या संमतीवाचून, कोर्टात उघड करू नयेत, फक्त दोघांतच दावा जुंपला असेल किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध गुन्हा केल्याचा खटला असेल तर हा निर्बंध लागू नाही. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमात ही तरतूद जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. पंजाबातील एका घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोचे दूरध्वनीवरील बोलणे तिच्या नकळत ध्वनिमुद्रित करून पुराव्यादाखल पुढे केले. हा तिच्या खासगीपणाचा भंग आहे असे पंजाब व हरियाणाच्या हायकोर्टाने २०२१ मध्ये म्हटले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. कलमाचा मूळ हेतू विवाहाचे पावित्र्य राखण्याचा होता, पतिपत्नींचा परस्परांविरुद्धचा खासगीपणा राखण्याचा नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्टीफनच्या मनातील अर्थ न्यायालयाने अचूक ओळखला, यात शंका नाही.

तथापि या निकालाला नवऱ्यांचा विजय म्हणून मोडीत काढणे घाईचे होईल. बंद दाराआड मार खाणाऱ्या, रात्रंदिवस शिवीगाळ ऐकणाऱ्या बायकोपाशी साक्षीदार नसतो. शेजारी कानावर हात ठेवतात, सासरची माणसे नाकबूल जातात. तिच्या हातातील लहानसा फोन हाच काय तो तिचा पुरावा असू शकतो, आणि हायकोर्टाचा नियम तसाच्या तसा राहता तर तोही नाकारला गेला असता. पण तोच फोन संशयी नवऱ्याच्या हाती असतो, आणि पुष्कळ घरांत त्याचे बिल भरणारा, त्याचा परवलीचा शब्द ठरविणारा माणूसही तोच असतो. दोघांच्या ध्वनिफिती एकाच तराजूत घातल्या जाणार असतील, तर कोणी कोणावर पाळत ठेवण्यासाठी यंत्र लावले आणि कोणी जीव वाचविण्यासाठी, हे कुटुंब न्यायालयातील न्यायाधीशाला प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे विचारावे लागेल. तसे विचारण्याची सक्ती आजच्या कायद्याच्या शब्दांत कोठेही केलेली नाही.