राजाचे गुरू आणि आईचे कार्ड

(मंडळाच्या कोवलम येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



लेखक कसा घडतो, या विषयावर मला बोलावयास सांगितले आहे. मी काही नामांकित लेखक नव्हे. सरकारी टिपणे लिहिता लिहिता चार लेख हातून झाले, इतकेच. म्हणून आज या समुद्रकाठी उदाहरण घेतो ते याच प्रांतातील एका थोर मराठी माणसाचे.

तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ साली सरफोजींना दत्तक घेतले, तेव्हा त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. तुळजाराजे लवकरच निवर्तले, गादी अमरसिंगांकडे गेली आणि मुलाच्या शिक्षणाची आबाळ झाली. त्यासाठी झटले ते श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. त्याच वर्षी श्वार्ट्झ वारले. त्यांच्या समाधीशिलेसाठी राजांनी स्वतः इंग्रजी पद्य रचले. परंतु जगाचा भूगोल नाट्यरूपाने सांगावा असे मनात आले, तेव्हा 'देवेंद्र कुरवंजी' त्यांनी लिहिली ती मराठीत, आणि घाट घेतला तमिळ कुरवंजीचा. शहाजीराजांपासून मराठी नाटके रचण्याची त्या घराण्याची रीतच होती. दत्तक आलेल्या मुलाने ती आपली मानली, याचे मला विशेष वाटते.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. नोकरीच्या आरंभी मी घरी धाडलेले प्रत्येक पत्र तांबड्या शाईने तपासून परत येई. एकदा संतापून मी इंग्रजीत पत्र लिहिले. वडिलांचे उत्तर आले नाही. महिन्याने आईचे कार्ड आले. तिचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. 'तुझे पत्र मला वाचता आले नाही, पुन्हा लिही,' एवढाच मजकूर. त्यात ऱ्हस्वदीर्घ एकही धड नव्हते, आणि वडिलांनी ते तसेच टपालात टाकले होते! मी त्याच रात्री चार पाने लिहिली. माझ्या लेखनाचा आरंभ मी तेथून धरतो.

माझी कन्या येथेच वाढली. तमिळ माझ्याहून सरस बोलते. गेल्या महिन्यात तिने आजीसाठी प्रथमच मराठीत काही ओळी लिहून माझ्या टेबलावर ठेवल्या. सवयीने तांबडे पेन हाती घेतले, अन् पुन्हा खिशात ठेवले. पत्र तसेच रवाना केले आहे. आईचे डोळे आता अधू झाले आहेत. तरी उत्तर ती स्वतःच लिहील. आम्ही दोघेही टपालवाल्याची वाट पाहत आहोत.