चकाकी नको, रंग हवा

जुनी जीप किंवा बुलेट घ्यायची, हौसेने हवी तशी बनवून घ्यायची आणि तिला पाटीसारखा किंवा विटेसारखा सपाट, न चमकणारा रंग द्यायचा, ही आवड आता लहान गावांतल्या गॅरेजांतही पोहोचली आहे. यालाच मॅट फिनिश म्हणतात. त्याबद्दल एक समज मात्र घट्ट बसला आहे. मॅट म्हणजे शेवटचा चमकदार हात न मारता सोडलेला रंग. म्हणजे काम कमी आणि पैसेही कमी! प्रत्यक्षात उलटेच आहे.

या समजामागे थोडा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्यांपासून वेगवान ‘हॉट रॉड’ बनवणारी तरुण मंडळी कित्येकदा नुसत्या प्रायमरवरच गाडी फिरवत. कोणाकडे रंगाला पैसे नसत, कोणाचे काम कधी संपतच नसे. पुढे तेच रूप लोकांना आवडू लागले. पण साधा प्रायमर हे अस्तर आहे. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओलावा पत्र्यापर्यंत पोहोचतो आणि आतून गंज धरतो. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत हे खपून गेले. कोकणातल्या पावसात कसे खपावे?

मग चकाकी घालवायची कशी? पृष्ठभाग गुळगुळीत असला, की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि रंग चमकतो. मॅट लॅकरमध्ये सिलिकाचे अतिशय बारीक कण असतात. लॅकर वाळताना आक्रसते आणि या कणांमुळे वरचा थर डोळ्यांना कळणार नाही इतका खडबडीत होतो. प्रकाश विखुरतो, चकाकी जाते. खाली नेहमीचाच रंग आणि वर हे लॅकर, त्यामुळे लाल, निळा, पिवळा, कोणताही रंग मॅट करता येतो.

खरी कसोटी इथेच आहे. हे कण डब्याच्या तळाशी बसतात. डबा नीट ढवळला नाही, तर दरवाजा एका तऱ्हेचा आणि बॉनेट दुसऱ्या तऱ्हेचे दिसते. पहिला हात पुरेसा सुकण्याआधी दुसरा मारला, तर ठिकठिकाणी चमकदार डाग उमटतात. नेहमीच्या रंगात धुळीचा कण बसला, तर पाण्याच्या पेपरने घासून, वर पॉलिश मारून तो काढता येतो. मॅटमध्ये ही सोय नाही. घासाल तिथे चकाकेल! मग तो अख्खा भाग पुन्हा रंगवायचा. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न दराचा विचारू नये; स्प्रे बंद, स्वच्छ खोलीत मारणार की रस्त्याकडेला, हे विचारावे.

पुढेही जपावे लागते. सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. मेण, पॉलिश आणि फिरत्या ब्रशची यंत्रे वर्ज्य. पक्ष्यांची विष्ठा लगेच ओली करून पुसावी.

जीपवाल्यांना लष्करी हिरव्या रंगाचा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीनचा, फार मोह. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना देता येतो. दुसरा कोणताही रंग निवडला, तरी तो आरसी पुस्तकातल्या रंगापेक्षा वेगळा असेल, तर आधी आरटीओत चौकशी करावी. लॅकर चढल्यानंतर हरकत निघाली, तर सगळी गाडी घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.