सुई, श्वास आणि सरकीची धूळ



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण जिनाच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. आज सांगणार आहोत ते कामगारांच्या प्रश्नांची उत्तरे शोधताना जमलेले आहे, एवढे ध्यानी असावे.

आपले मूर्तिजापूर कापसाचे गाव. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंचा कापूस ‘शकुंतला’ येथे आणून टाकीत असे. त्या कापसावर गाव वाढले, आणि त्याचीच धूळ कित्येकांच्या छातीत बसली. मागच्या हंगामात आमचा एक जुना सोबती म्हणाला, “भाऊ, दोन पायऱ्या चढलो का दम लागते. सुया टोचून घेऊ काय?” प्रश्न साधा, पण त्याच्यामागे महिन्याची मजुरी उभी होती.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची जुनी खूण. पानाबोंडांच्या चुऱ्यातील जंतूंचे विष त्याचे मोठे कारण मानले जाते. आरंभी धूळ टाळली तर माणूस सावरतो. वर्षे लोटली म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. मग आतली हवा पुरती बाहेर पडत नाही, फुप्फुसे फुगलेलीच राहतात आणि खालचे घुमटासारखे श्वासपटल सपाट होते. त्याची ओढ कमी पडली की मान आणि खांदे श्वास ओढू लागतात. थोरला बैल थकला म्हणून वासराला जुवाला जुंपावे, तशी ही गत!

आता सुईकडे येऊ. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी कलकत्त्यास रुजविली. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला.

परंतु कायद्याची मान्यता म्हणजे गुणाचा दाखला नव्हे. गुण पारखावा लागतो. २०१२ साली जपानी डॉक्टरांनी सीओपीडीच्या ६८ रुग्णांवर अशी पारख प्रसिद्ध केली. नेहमीची औषधे चालू ठेवून निम्म्यांना आठवड्यातून एकदा, १२ आठवडे, खऱ्या सुया टोचल्या. उरलेल्यांना टोचल्याचा भास होणाऱ्या, पण कातडीत न शिरणाऱ्या. सहा मिनिटे चालल्यावर खऱ्या सुईवाल्यांना धाप कमी लागली. ही गोष्ट आशेची खरी. पण रुग्ण अवघे ६८, आणि ते कापूस-कामगारांतून निवडलेले नव्हते.

म्हणून सोबत्यास आम्ही सांगितले : आधी छातीच्या डॉक्टराकडे फुंकून तपासणी कर. विडी सोड. औषध बंद करू नको. शीळ घालताना ओठ करतो तसे करून श्वास सावकाश सोड, आणि डॉक्टर सांगतील तसे रोज थोडे थोडे चाल. श्वासाच्या स्नायूंची खरी तालीम तीच, आणि तिला मजुरी मोडावी लागत नाही. एवढे करून पैसा उरला तर सुई जोडीला घे. मात्र उपचारक शिकलेला व नोंदलेला असावा आणि सुई प्रत्येक वेळी नवी असावी. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते.

आता आमचीच एक चूक कबूल करतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका जिनातील मागण्यांच्या यादीत आम्ही ‘धुळीसाठी गूळ’ लिहिला होता. गूळ मिळाला, आम्ही हार घालून घेतले. तो घशाखाली उतरला, धूळ मात्र फुप्फुसातच राहिली. यंत्रापाशी धूळ ओढून घेणारा पंखा मागावयाचा, ते सुचलेच नाही. तो सोबती त्याच जिनातला.

ज्या तालुक्यात गाडगेबाबांचे बालपण गेले, तेथे आम्ही खराट्याला दंडवतच घालतो. पण जिनाच्या कोंदट खोलीत कोरडा खराटा धूळ उडवितो. तेथे धूळ शोषणारे यंत्रच हवे. १९४८ च्या कारखाने कायद्यात बिसिनोसिस हा सरकारला कळवावयाचा रोग ठरला होता. पण कामगार तपासलाच गेला नाही, तर कळविणार कोण?

सुई दुखणाऱ्याला थोडा विसावा देईल, तर आमची ना नाही. पण दुखणे जेथून येते, ती जागा सुईच्या टोकावर मावत नाही. येत्या हंगामाच्या यादीत पहिला पंखा, दुसरी वर्षाची छातीतपासणी. गूळ ज्याने त्याने आपल्या घरी खावा.